मेंदूला इजा झालेल्या प्रौढांच्या निवासी केंद्राची तपासणी कशी करावी

अपघातात डोक्याला मार लागलेले, मेंदूत रक्तस्राव झालेले, बुडून किंवा हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायू कमी पडलेले असे प्रौढ जिथे कायमचे किंवा दीर्घकाळ राहतात, त्या केंद्राच्या तपासणीला पहिल्यांदाच जाणार असाल तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. इथे तक्रार आली नाही म्हणून सगळं ठीक चाललंय असं धरता येत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की स्वतःहून काही सुरू करण्याची ऊर्मीच जाऊ शकते. घसा कोरडा पडलेला असतो, हाताच्या अंतरावर पाणी असतं, हातात ताकदही असते. तरी माणूस ग्लास उचलत नाही आणि कुणाला सांगतही नाही. ज्याची स्मरणशक्ती गेली आहे, त्याला काल रात्री कोण ओरडलं ते आज आठवत नाही. ज्याची वाचा गेली आहे, त्याला आठवतं पण सांगता येत नाही. आणि आपल्याला काही झालंय याचीच जाणीव ज्याला उरलेली नाही, तो हसून "मस्त चाललंय" म्हणतो.

म्हणून तक्रारवहीपासून सुरुवात करायची नेहमीची पद्धत इथे फारशी कामाची नाही. कुणी मागितलं नाही तरी त्याला मिळालं का, हे शोधायचं असतं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

जाण्याआधी

२० खाटांच्या केंद्राला किमान दोन माणसं आणि दोन दिवस धरा. त्यातली एक फेरी रात्री किंवा पहाटे. दोघांपैकी एकाला नर्सिंगचा किंवा पुनर्वसनाचा प्रत्यक्ष अनुभव असावा. पहिली भेट न कळवता द्या. कळवून गेलात तर नव्या चादरी दिसतील, नेहमीचा दिवस दिसणार नाही.

पिशवीत १० मिलीची सिरिंज, जेवणाचा काटा, पाण्याचं तापमान मोजायचा थर्मामीटर, मोजपट्टी, टॉर्च, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि पानांवर क्रमांक घातलेली वही ठेवा. कोणती वस्तू कशासाठी ते पुढे येईलच.

केंद्रचालक कुरकुरले तर एवढं लक्षात ठेवा: अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे, त्याच्या १६व्या कलमात अपंगांसाठी चालणाऱ्या सर्व संस्थांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे कुणाच्या मर्जीची वाट पाहण्याचं कारण नाही. रहिवाशांच्या मर्जीची मात्र पाहायची. ते त्यांचं घर आहे. खोलीत शिरताना दारावर टकटक करा, आपण कोण ते सांगा आणि तो "नको" म्हणाला तर बाहेर थांबा.

पोचल्यावर लगेच मागायचे कागद: रहिवाशांची यादी (इजा कधी आणि कशाने झाली, तोंडाने जेवतो की नळीने, फिट येतात का), मागच्या १२ महिन्यांतले पडण्याचे प्रसंग, मारामारी, रुग्णालयात हलवलेले आणि दगावलेले, मागच्या ४ आठवड्यांचा ड्युटी चार्ट, औषधांचे तक्ते आणि बंधनं घातल्याची नोंदवही. मागितल्याची वेळ वहीत टिपून ठेवा. जे रजिस्टर "आत्ता आणतो" म्हणून दुपारपर्यंत येत नाही, ते नंतर जास्त बारकाईने वाचायचं. कागद येईपर्यंत कार्यालयात बसून राहू नका.

पहिली फेरी

सगळ्या खोल्यांतून एकदा सावकाश चाला. हॉलमध्ये किती रहिवासी आहेत, किती परिचारक आहेत आणि ते परिचारक काय करताहेत, हे वेळेसह लिहा. ड्युटी चार्टवर सहा नावं आणि मजल्यावर चार माणसं असतील तर उरलेले दोघे कुठे आहेत ते तेव्हाच विचारा. टीव्ही कुणासाठी लावलाय तेही बघा. इजा झालेल्या मेंदूला एका वेळी अनेक आवाज पेलत नाहीत. दिवसभर मोठ्याने चालणाऱ्या टीव्हीसमोर बसवलेली माणसं संध्याकाळी चिडचिडी होतात आणि मग त्यांच्या फाइलमध्ये "आक्रमक" असा शेरा पडतो.

प्रत्येक खाटेपाशी बोलावण्याची घंटी शोधा. ती कुठल्या बाजूला आहे ते महत्त्वाचं. उजव्या मेंदूला इजा झालेल्या काही जणांच्या लेखी डावी बाजू अस्तित्वातच नसते. डोळे शाबूत असतात, पण मेंदू त्या बाजूकडे लक्षच देत नाही. अशा माणसाची घंटी डावीकडे बांधलेली असेल तर ती नसल्यासारखीच. दोन-तीन ठिकाणी घंटी स्वतः दाबा आणि कुणी येईपर्यंतचा वेळ मोजा. भिंतीवर वार-तारखेचा फळा असेल तर त्यावरची तारीख वाचा. ज्यांना दिवस कळत नाही त्यांच्यासाठीच तो लावलेला असतो, आणि त्यावर तीन दिवसांपूर्वीची तारीख असेल तर केंद्र त्यांचा गोंधळ वाढवतंय.

न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून थर्मामीटर धरा. अंगावर घ्यायचं पाणी ४४ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. ज्याच्या अर्ध्या अंगाला चटका कळत नाही तो भाजेपर्यंत ओरडत नाही.

चार जण निवडा

सगळ्यांच्या फायली वरवर चाळण्यापेक्षा चार जणांचा माग शेवटपर्यंत काढा. एक जण अजिबात न बोलणारा, एक जण ज्याचा सगळ्यांना "त्रास" होतो असा, एक नुकताच दाखल झालेला किंवा रुग्णालयातून परत आलेला, आणि एक शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. हा चौथा विसरू नका; दुर्लक्ष बहुतेक वेळा त्याच्याच वाट्याला येतं. निवड तुम्ही करा. व्यवस्थापकांनी सुचवलेला माणूस सहसा छान बोलणारा असतो.

प्रत्येकाच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी माणूस बघा, मग त्याची काळजीची योजना वाचा, मग त्या दिवशीच्या परिचारकाला योजनेत काय आहे ते न दाखवता विचारा, शेवटी पुन्हा माणसाकडे जा. योजनेत "दोघांनी मिळून उचलणे" असेल आणि परिचारक म्हणत असेल "मी एकटाच उचलतो, हलका आहे तो", तर त्रुटी सापडली. योजना कधी बदलली तेही बघा. दोन वर्षांत एकही शब्द बदललेला नसेल तर माणूस तसाच राहिला म्हणून नाही, कुणी पाहिलं नाही म्हणून तसं झालेलं असण्याची शक्यता जास्त.

जेवणाची वेळ

एक पूर्ण जेवण सुरुवातीपासून उष्टी ताटं उचलेपर्यंत बसून बघा. अर्ध्या दिवसाच्या कागदपत्रांतून जे कळत नाही ते इथे कळतं.

ताटं परत जाताना त्यांच्याकडे नीट पाहा. ताटाच्या उजव्या अर्ध्या भागातलं सगळं संपलेलं आणि डाव्या अर्ध्याला हातही लागलेला नाही, मधे जणू रेघ ओढलेली, असं दिसलं तर त्या माणसाची भूक कमी झालेली नाही. त्याला ती बाजू दिसलेली नाही. जेवण अर्ध्यावर आल्यावर ताट फिरवून द्यायचं, एवढंच करायचं असतं. तक्त्यात मात्र "भूक कमी, निम्मं खाल्लं" असं लिहिलेलं सापडेल, महिनोन् महिने.

आता गिळण्याचा प्रश्न. मेंदूच्या इजेनंतर अन्नपाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका मोठा असतो, आणि अनेकांना ठसकाही लागत नाही. त्यामुळे "खोकत नाही, म्हणजे नीट गिळतो" हे परिचारकाचं म्हणणं मान्य करू नका. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टने कधी केली आणि कोणता पोत, म्हणजे अन्नपाणी किती पातळ, घट्ट किंवा मऊ असावं, ते ठरवून दिलं, हे फाइलमध्ये हवं. पोत सांगण्यासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरतात. पेयाची श्रेणी सिरिंजने तपासता येते: दट्ट्या काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजचं टोक बोटाने बंद करून ती १० च्या खुणेपर्यंत भरायची, बोट काढायचं, १० सेकंदांनी पुन्हा बंद करायचं. आत १ मिलीहून कमी उरलं तर ते साधं पातळ पेय. १ ते ४ मिली उरलं तर श्रेणी १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं तर ३. काहीच गळलं नाही तर श्रेणी ४ किंवा त्याहून घट्ट. सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. या चाचणीसाठी शून्यापासून १० पर्यंतचं अंतर ६१.५ मिमी असलेलीच चालते, म्हणून मोजपट्टी.

घट्ट पदार्थासाठी काटा. श्रेणी ५ च्या बारीक, ओलसर अन्नातले कण मोठ्या माणसासाठी ४ मिमीपेक्षा मोठे नकोत. काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते. श्रेणी ६ चे मऊ तुकडे १.५ सेंमीपर्यंत चालतात, पण काट्याने दाबल्यावर चिरडले पाहिजेत आणि पुन्हा फुगून वर येता कामा नयेत.

चुका कुठे होतात? पेय घट्ट करायची पावडर अंदाजाने टाकली जाते. सकाळी एकदाच जग भरून घट्ट करून ठेवला जातो, आणि स्टार्चची पावडर असेल तर दुपारपर्यंत त्याचा लगदा होतो. मॅक्रोगॉल हे बद्धकोष्ठाचं औषध स्टार्चने घट्ट केलेल्या पाण्यात मिसळलं तर उलट ते पुन्हा पातळ होतं. यातून जीव जाऊ शकतो. जेवताना माणूस ताठ बसलेला हवा आणि जेवणानंतरही निदान अर्धा तास. भरवणारा उभा असेल, एकाच वेळी दोघांना भरवत असेल किंवा आधीचा घास गिळायच्या आत पुढचा चमचा तोंडाशी नेत असेल तर ते वेळेसह लिहा.

नळीने आहार चालू असेल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. अंग पुसताना किंवा डायपर बदलताना खाट सपाट करतात आणि पंप चालूच राहतो, ही नेहमीची चूक आहे. पोटावरून थेट जठरात बसवलेली आहाराची नळी (पेग) आठवड्यातून एकदा किंचित आत सरकवून फिरवायची असते, नाहीतर आतलं टोक जठराच्या भिंतीत रुतत जातं. त्याची नोंद मागा. आणि तोंडाने काहीच न घेणाऱ्याच्या तोंडात टॉर्च टाकून बघा. तो जेवत नाही म्हणून त्याचे दात घासायचे राहून जातात, आणि तेच जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. खाटेपाशी दातांचा ब्रश कोरडा ठणठणीत असेल तर "सकाळी केलं" या सहीचा उपयोग नाही.

शरीर काय सांगतं

कपडे बदलताना किंवा आंघोळीच्या वेळी, त्या माणसाची हरकत नसेल तर, नर्सच्या उपस्थितीत त्वचा पाहा. माकडहाड, टाचा, नितंबाची हाडं, घोटे, डोक्याची मागची बाजू, आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागची जागा. बेडसोरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात त्वचा फुटण्याआधीच होते: बोटाने दाबून सोडल्यावर लाली फिकट न होणं ही पहिली पायरी. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने गरमपणा, कडकपणा किंवा आजूबाजूपेक्षा वेगळा लागणारा मऊपणा चाचपावा लागतो. ही गोष्ट नर्सला माहीत आहे का ते विचाराच. कूस बदलल्याच्या तक्त्यात दर दोन तासांना एकाच शाईत, एकाच अक्षरात, बरोबर १०, १२, २, ४ अशा वेळा असतील तर तो एका बैठकीत भरलेला असण्याचा संशय घ्या आणि एका माणसाची कूस तुमच्या डोळ्यांदेखत बदलते का ते पाहा. खुर्चीत बसवलेल्यांची मोजदाद कुणी करत नाही. चार-चार तास एकाच स्थितीत बसलेला माणूस खाटेवरच्या इतकाच धोक्यात असतो. एअर बेडच्या पंपावर वजनाची सेटिंग असते, ती त्याच्या चालू वजनाशी जुळवून बघा. ४५ किलोच्या माणसाची गादी १०० किलोवर फुगवलेली असेल तर ती फळीसारखी कडक होते.

आवळलेली मूठ हलकेच उघडायला सांगा. मूठ कायम मिटलेली राहिली की तळवा ओला, पांढुरका पडतो, वास येतो, नखं रुततात. हाताचा स्प्लिंट (बोटं उघडी ठेवणारा आधार) कपाटात आणि मूठ मिटलेली, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. स्प्लिंट कुणी, किती तास आणि कोणत्या वेळी घालायचा, हे खाटेपाशी लिहिलेलं हवं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा येऊन तो रोज घालू शकत नाही.

वजनाचा तक्ता स्वतः बेरीज-वजाबाकी करून वाचा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे महिन्यात ३ किलो, तर त्यावर काय केलं ते विचारा. उलटही होतं: पोट भरल्याची जाणीव गेलेला माणूस सतत खात राहतो. शौचाच्या नोंदी तीन दिवस कोऱ्या असतील आणि त्याच दिवसांत तो आरडाओरडा करू लागला असेल तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातूनच बाहेर येतं.

कवटीचा तुकडा काढलेला आहे असा कुणी असेल तर ती बाजू खाटेवर ठळक दाखवलेली हवी आणि उठवताना हेल्मेट घातलेलं हवं. श्वासनलिकेत नळी असलेल्याच्या उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी जादा नळी आणि कफ ओढून काढणारं चालू सक्शन मशीन लागतं. मशीन चालू करायला सांगा. वीज गेल्यावर कशावर चालेल तेही दाखवायला सांगा. मेंदूतलं पाणी काढायला शंट बसवलेल्यांबद्दल कोणत्याही परिचारकाला विचारा: नवी डोकेदुखी, उलटी, गुंगी दिसली तर काय कराल? "सकाळी डॉक्टरांना सांगू" हे उत्तर धोकादायक आहे.

औषधं आणि फिट

औषधवाटप एकदा प्रत्यक्ष पाहा. औषध देण्याआधीच सगळ्यांच्या सह्या उरकल्या जातात का, गोळ्या आधीच वाट्यांत काढून ठेवलेल्या आहेत का, हे बघा. मग तीन औषधं निवडून मोजा: आलेल्या गोळ्या, दिल्याच्या सह्या आणि डबीत उरलेल्या यांचा हिशेब जुळला पाहिजे.

फिटच्या औषधांचा एकही डोस चुकवणं परवडत नाही, त्यामुळे "औषध संपलं होतं" अशी नोंद सापडली तर ती गंभीर मानून लिहा. नळीने फेनिटॉइन हे फिटचं औषध दिलं जात असेल तर आहार आणि औषध यांत अंतर ठेवतात का ते विचारा; आहारासोबत ते नीट शोषलं जात नाही. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून नळीत घातल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. स्नायूंच्या ताठरपणासाठीचं बॅक्लोफेन अचानक बंद पडलं तर ताप, भ्रम आणि फिट येऊ शकतात. ५ मिनिटांहून जास्त चाललेली फिट म्हणजे तातडीचा प्रसंग. त्या वेळी द्यायचं औषध कुठे आहे, त्याची मुदत संपली आहे का आणि रात्रपाळीतल्या कुणाला ते देता येतं, हे तिन्ही प्रत्यक्ष दाखवायला सांगा. औषध कुलपात आणि किल्ली घरी गेलेल्या सिस्टरकडे, असंही घडतं.

पडल्यानंतर काय केलं जातं तेही इथेच तपासा. डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने आणि पुढचे चार तास दर तासाला शुद्ध तपासण्याची पद्धत प्रचलित आहे. शुद्ध मोजायच्या ग्लासगो मापनश्रेणीचा आकडा ३ ते १५ असतो. वाचा गेलेल्या माणसाच्या पुढे प्रत्येक वेळी १५ लिहिलेले दिसले तर कुणी तपासलेलंच नाही, कारण बोलण्याचे पूर्ण ५ गुण त्याला मिळूच शकत नाहीत. त्याचा नेहमीचा आकडा किती, हे फाइलच्या पहिल्या पानावर हवं.

वागणूक आणि बंधनं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माणसाला अडवण्याचे प्रकार दोरीने बांधण्यापुरते नसतात. खाटेच्या दोन्ही बाजूंच्या कठड्या, व्हीलचेअरचा पट्टा, उठता येऊ नये म्हणून मागे कललेली खुर्ची, मुद्दाम लावून ठेवलेले ब्रेक, चालायची काठी लांब ठेवणं, बाहेरून कडी, हातमोजे, आणि शांत राहावं म्हणून दिलेलं गुंगीचं औषध, हे सगळे अडवण्याचेच प्रकार. प्रत्येकाबद्दल विचारा: कशासाठी, कुणी ठरवलं, आधी दुसरं काय करून पाहिलं, किती वेळासाठी, आणि पुन्हा विचार कधी होणार? "सुरक्षेसाठी" हे एकाच शब्दाचं उत्तर पुरेसं मानू नका.

कठडे असतील तर मोजपट्टी काढा. दोन आडव्या दांड्यांमधली फट १२ सेंमीपेक्षा जास्त असेल तर डोकं अडकू शकतं. गादीच्या पृष्ठभागापासून कठड्याची उंची किमान २२ सेंमी हवी. जुन्या गादीवर एअर बेड टाकला की ही उंची कमी होते आणि माणूस कठड्यावरून, म्हणजे आणखी उंचावरून पडतो.

"आक्रमक", "हट्टी", "लक्ष वेधून घेतो" असे शेरे सापडले की त्याआधी काय घडलं याची नोंद शोधा. चांगल्या केंद्रात प्रत्येक प्रसंगाचे तीन भाग लिहिलेले असतात: आधी काय झालं, तो काय करत होता, त्यानंतर काय मिळालं किंवा टळलं. महिनाभराचे प्रसंग वेळेनुसार मांडून पाहा. सकाळच्या आंघोळीलाच मारामारी होत असेल तर कारण बहुधा आंघोळीच्या पद्धतीत आहे: न सांगता पाठीमागून हात लावणं, थंड पाणी, घाई, किंवा परक्या व्यक्तीने कपडे काढणं. फिटसाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम काहींना चिडचिडं करतं. राग नव्याने सुरू झाला असेल तर औषध कधी बदललं ते बघा. गरजेनुसार द्यायचं शामक औषध रात्रपाळीतल्या एकाच परिचारकाच्या ड्युटीत वारंवार दिलं जातंय का, हे तक्त्यावरून दहा मिनिटांत निघतं. वर्षभरात एकही प्रसंग नोंदलेला नसेल तर खूश होऊ नका. २० जणांच्या अशा घरात ते संभवतच नाही.

काहींचा लैंगिक वागणुकीवरचा ताबा सुटतो. इतरांचं, विशेषतः ज्यांना प्रतिकार करता येत नाही अशांचं रक्षण कसं होतं, रात्री कोण कुठे झोपतं, शौच-आंघोळीची मदत कुणाकडून हवी हे रहिवाशाला विचारलं जातं का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. संकोच केलात तर उत्तरही संकोचून येईल.

रहिवाशांशी बोलताना

सकाळी बोला. थकवा ही या इजेची मोठी खूण आहे. दुपारनंतर तोच माणूस निम्माही बोलू शकत नाही. १०-१५ मिनिटं पुरे, हवं तर दोनदा जा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. नव्या तपासनीसाकडून हटकून होणारी चूक म्हणजे उत्तर यायच्या आत प्रश्न बदलून पुन्हा विचारणं.

"इथे बरं वाटतं ना?" याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी समोरचं विचारा: आज काय घालायचं ते कुणी ठरवलं? तहान लागली तर काय करता? इथे कुणाची भीती वाटते? होकार-नकारावर विसंबण्याआधी खात्री करून घ्या. "दिवा लागलाय का?" आणि थोड्या वेळाने "दिवा बंद आहे का?" असं विचारा. दोन्हीला हो आलं तर त्याच्या हो-नाहीवर काही ठरवू नका. चित्रं, वस्तू दाखवून बोट ठेवायला सांगा.

स्मृतीतली पोकळी मेंदू कधी कधी न घडलेल्या गोष्टींनी भरतो. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला तेच खरं आठवत असतं. पण या कारणाने एकाही आरोपाकडे डोळेझाक करायची नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा आणि खरं-खोटं दुसऱ्या पुराव्याने ठरवा: जखमेचा ठसा, ड्युटी चार्ट, शेजारच्या खाटेवरचा माणूस. याच्या उलट काही जण अतिशय समंजस बोलतात. स्वयंपाक कसा करायचा ते पायरी पायरीने सांगतात, आणि प्रत्यक्षात गॅस चालू ठेवून निघून जातात. बोलण्यावरून क्षमता ठरवणारं केंद्र अशांना एकटं सोडतं आणि नंतर "आळशी आहे" म्हणतं. म्हणून जे सांगितलं ते करताना बघा.

निर्णयक्षमता एकदाच ठरवून टाकायची गोष्ट नाही. पैशाचा व्यवहार न झेपणाऱ्याला कोणाला भेटायचं, काय खायचं हे ठरवता येऊ शकतं. फाइलमध्ये "निर्णय घेण्यास अक्षम" असा सरसकट शिक्का असेल तर कोणत्या निर्णयाबद्दल आणि कोणत्या दिवशी, असं विचारा. पैशाचा विषय निघालाच आहे तर दोन रहिवाशांच्या खर्चाच्या वह्या पावत्यांशी आणि पेटीतल्या रोख रकमेशी ताडून बघा.

सांभाळणं की सुधारणं

स्वच्छ, शांत, वेळेवर जेवण देणारं केंद्रही इथे कमी पडू शकतं. दात घासण्याचं उदाहरण घ्या. परिचारकाने ब्रश फिरवला तर एका मिनिटात काम उरकतं. ब्रश हातात देऊन "आता पेस्ट", "आता वरचे दात" अशी आठवण करत राहिलं तर पाच मिनिटं लागतात, पण काही महिन्यांनी त्यातल्या दोन सूचनांची गरजच उरत नाही. सकाळी ७ ते ९ मधे बसून कोण काय स्वतः करतंय ते बघा. ध्येय "चालणं सुधारणे" असं नको. "पलंगापासून न्हाणीघरापर्यंत काठीने, एका माणसाच्या सोबतीने, दिवसातून तीनदा" असं हवं, आणि ते रात्रपाळीलाही माहीत हवं. इजेला दहा वर्षं झाली, हे ध्येयच नसण्याचं कारण होऊ शकत नाही.

रात्र

पहाटे ५ वाजता जा. आंघोळ घालून, कपडे चढवून अंधारात बसवून ठेवलेली माणसं दिसली तर ती पाळी बदलायच्या सोयीसाठी उठवलेली आहेत. रात्रपाळीचे किती कर्मचारी जागे आहेत ते मोजा आणि त्यातल्या एकालाच विचारा: आग लागली तर वरच्या मजल्यावरून न चालणाऱ्यांना कसं उतरवाल? कवायत रात्रीच्या मनुष्यबळावर कधी केली, त्याची तारीख मागा.

धोका दिसला तर

मारहाण, लैंगिक अत्याचार, उपाशी ठेवणं यांची शंका आली तर अहवालाची वाट पाहू नका. त्याच दिवशी संबंधित अधिकाऱ्यांना कळवा. ज्याच्यावर ते घडल्याची शंका आहे त्या रहिवाशाची उलटतपासणी घेऊ नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, आणि कुणी सांगितलं ते केंद्राला कळू देऊ नका. चुकीचा पोत, चालू नसलेलं सक्शन, मुदत संपलेलं फिटचं औषध अशा गोष्टी तिथेच दुरुस्त करून घ्या आणि दुरुस्त झाल्याची वेळ लिहा.

अहवालात "जेवणाच्या वेळी मदत अपुरी" असं लिहिलं तर केंद्र "सुधारणा केली" असं उत्तर देईल आणि विषय संपेल. "दुपारी १२:४० ते १:०५, रहिवासी क्र. ७, ताटाची डावी बाजू अस्पर्शित; ताट कुणी फिरवलं नाही; तक्त्यात 'भूक कमी' अशी नोंद; योजनेत डाव्या बाजूच्या दुर्लक्षाचा उल्लेख आहे" असं लिहिलं तर त्याला तसंच नेमकं उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक मुद्द्यापुढे कोण, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे असू द्या. दोन वेगवेगळ्या मार्गांनी खातरजमा न झालेला निष्कर्ष ठाम शब्दांत लिहू नका.

फेरतपासणीला केंद्र नवी धोरणं, नवी रजिस्टरं पुढे करेल. ती नंतर वाचा. आधी क्र. ७ च्या जेवणाला जाऊन बसा, त्याची घंटी उजवीकडे आली का ते बघा, आणि ज्या पाळीत त्रुटी सापडली होती त्याच पाळीत जा. अहवालाची सोप्या वाक्यांची, मोठ्या अक्षरांची आणि चित्रांची प्रत रहिवाशांसाठी काढा. ती त्यांना वाचून दाखवा, आणि ज्यांना आठवत नाही त्यांना पुढच्या भेटीत पुन्हा वाचून दाखवा.